निवळीसोबत काय काय जातं?

आपण ज्याला ग्रीक योगर्ट म्हणतो त्याला ग्रीसमध्ये ‘स्ट्रांगिस्तो’ म्हणतात. अर्थ अगदी साधा आहे: निथळलेलं. तुर्कस्तानात त्याचं नाव ‘स्यूझ्मे’, म्हणजे गाळलेलं. लेबनॉनमध्ये ते ‘लबने’ होतं. आणि गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री आपल्याकडे खुंटीला नाहीतर नळाला मलमलच्या फडक्याचं जे गाठोडं लटकत असतं आणि खालच्या पातेल्यात थेंब थेंब गळत असतं, तेही मुळात हेच. आपण त्याला चक्का म्हणतो.

म्हणजे सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये ‘ग्रीक’ लिहिलेला डबा हातात घेणारा मराठी माणूस त्या पदार्थाला अनोळखी नसतो. तरीही शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ‘ग्रीक’ डब्यांत इतका फरक असू शकतो की त्यांना एकच नाव का, असा प्रश्न पडावा. फरक पाण्यात आहे. एकातून पाणी खरोखर बाहेर काढलेलं असतं. दुसऱ्यात पाणी आतच असतं, फक्त ते धरून ठेवायला काहीतरी घातलेलं असतं. हा पदार्थ समजून घ्यायचा तर त्यातून बाहेर पडलेल्या पाण्याच्या, म्हणजे निवळीच्या, मागे जावं, असं मला वाटतं.

त्याआधी दही लागतं कसं ते पाहू. गाईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं आणि साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के प्रथिनं. या प्रथिनांपैकी जवळजवळ 80 टक्के केसीन असतं आणि ते सुटं नसतं, त्याचे अतिसूक्ष्म गोळे असतात. एका गोळ्याचा व्यास साधारण 150 नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचेकशे गोळे ओळीने मावतील. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर लव असते आणि ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोळे एकमेकांना दूर ढकलत राहतात. दूध पातळ आणि पांढरं राहतं ते यामुळे. गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे कण असतात आणि ते आतून सगळं एकत्र बांधून ठेवतात.

विरजण घातलं की जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खायला लागतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधाचा सामू, म्हणजे पीएच, 6.6 च्या आसपासून खाली येत 4.6 पर्यंत पोचतो. इथे केसीनवरचा विद्युतभार शून्यावर येतो. गोळे आता एकमेकांना ढकलत नाहीत, चिकटतात. त्यांच्या साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते आणि सगळं पाणी त्या जाळीत अडकतं. घट्ट लागलेल्या कवडीदार दह्यातही पाणी दुधाइतकंच असतं, ते फक्त कोंडलेलं असतं. याच वेळी आणखी एक गोष्ट घडते: आम्लामुळे गोळ्यांच्या आतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं आणि जाळी सोडून पाण्यात उतरतं. हा तपशील पुढे लागणार आहे.

दूध आधी चांगलं तापवण्याला इथे फार महत्त्व आहे. दुधात केसीनखेरीज जी प्रथिनं असतात त्यांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे मुख्य. दूध 85 ते 90 अंश सेल्सियसला काही मिनिटं राहिलं की ते उलगडतं आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतं. त्यामुळे जाळी अधिक बारीक विणीची होते, पाणी सहज सुटत नाही आणि पुढे चक्का बांधला तरी ही प्रथिनं पाण्याबरोबर वाहून न जाता चक्क्यातच राहतात. विरजण लावायचं दूध नीट उकळून घ्यायची आपल्या घरांची रीत या रसायनाला अगदी धरून आहे.

योगर्ट आणि आपलं घरचं दही यांत मात्र एक खरा फरक आहे, तो जिवाणूंचा. योगर्टमध्ये दोनच जिवाणूंची जोडी लागते: लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. पहिल्याचा शोध 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात लावला. हे दोघे 42-43 अंशांना जोमाने वाढतात आणि एकमेकांना पोसतात. बल्गेरिकस प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करतो, ती थर्मोफिलसला हवी असतात. थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते बल्गेरिकसला लागतं. या जोडीतून जो असिटाल्डिहाइड तयार होतो त्याचा वास हिरव्या सफरचंदासारखा असतो आणि योगर्टचा तो स्वच्छ, टोकदार स्वाद त्याचाच. आपल्या घरच्या विरजणात जिवाणूंचं मिश्र कुटुंब नांदतं. त्यात थोड्या कमी तापमानाला वाढणारे लॅक्टोकोकस असतात आणि त्यांच्यातले काही डायअसिटाइल नावाचं, लोण्यासारखा वास असणारं संयुग बनवतात. म्हणून चक्का आणि ग्रीक योगर्ट हे रचनेने सख्खे असले तरी चवीने चुलत आहेत. दोन्ही चवींचा मान ठेवावा. एकीला दुसरीची नक्कल समजू नये.

आता फडकं बांधू आणि हिशेब करू. एक किलो दह्यात समजा 35 ग्रॅम प्रथिनं आहेत. ते टांगलं आणि 600 ग्रॅम पाणी निथळलं, तर गाठोड्यात 400 ग्रॅम उरले. निवळीत प्रथिनं फार थोडी जातात, दोन-तीन ग्रॅम धरू. उरलेली 32-33 ग्रॅम प्रथिनं आता 400 ग्रॅममध्ये आहेत, म्हणजे 8 टक्क्यांच्या आसपास. ग्रीक योगर्टच्या जाहिरातीत ज्या ‘दुप्पट प्रथिनां’चा गाजावाजा असतो तो हा भागाकार आहे. प्रथिनं नव्याने तयार झालेली नाहीत, पाणी गेलं आहे. स्निग्धांशाचंही तेच होतं, तो जवळजवळ सगळा वर राहतो. म्हणून साय न काढलेल्या दुधाचं ग्रीक योगर्ट बरंच स्निग्ध असतं, आणि साय काढलेल्या दुधाचं निथळलेलं योगर्ट 100 ग्रॅमला 10 ग्रॅम प्रथिनं देऊनही स्निग्धांशाच्या बाबतीत शून्याजवळ राहतं. डब्याच्या किमतीचं कारणही इथेच आहे: एक लिटर घट्ट योगर्टला तीन ते चार लिटर दूध लागू शकतं.

पण पाणी एकटं जात नाही. निवळीत विरघळलेलं लॅक्टोज जातं, त्यामुळे निथळलेल्या योगर्टमध्ये साखर कमी असते. दूध ज्यांना पचत नाही त्यांच्यापैकी अनेकांना हे सोसतं. उरलेलं लॅक्टोज पचवायला जिवंत जिवाणूंचं स्वतःचं विकर, म्हणजे एन्झाइमही, मदत करतं. निवळीचा पिवळसर हिरवा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा. तेही काही प्रमाणात जातं. आणि जातं ते कॅल्शियम. मघाशी आम्लात विरघळून पाण्यात उतरलेलं ते हे. साध्या योगर्टमध्ये 100 ग्रॅमला साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पूर्ण स्निग्ध ग्रीक योगर्टमध्ये सुमारे 100. फरक किरकोळ वाटतो, पण किलोच्या हिशेबात मांडा. एक किलो दह्यात 1,200 मिलिग्रॅम होतं, त्यापासून झालेल्या 400 ग्रॅममध्ये 400 मिलिग्रॅम उरलं. दोन तृतीयांश कॅल्शियम पातेल्यात गळून गेलं. चेडर चीज दुधापासूनच बनतं, त्यातूनही पाणी काढतात, पण ते इतकं आंबट होण्याआधी काढतात, म्हणून कॅल्शियम चीजमध्येच राहतं आणि 100 ग्रॅमला 700 मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. हाडांसाठी म्हणून कोणी साधं दही सोडून ग्रीक योगर्ट धरत असेल तर हा हिशेब त्याला जरूर सांगावा. प्रथिनांसाठी धरत असेल तर निवड योग्यच आहे.

घरात ही निवळी भांडंभर असते. कारखान्यात तिचं काय होतं? 2005 मध्ये हमदी उलुकाया या तुर्कस्तानातून अमेरिकेत आलेल्या माणसाने न्यूयॉर्क राज्यात योगर्टचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि 2007 मध्ये ‘चोबानी’ बाजारात आणलं. तुर्की भाषेत ‘चोबान’ म्हणजे मेंढपाळ. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेच्या योगर्ट बाजाराचा मोठा हिस्सा निथळलेल्या योगर्टने व्यापला आणि त्याबरोबर आंबट निवळीचे टँकरच्या टँकर उभे राहिले. चीजची निवळी गोडसर असते, ती वाळवून प्रथिनांची पावडर करता येते. ही निवळी लॅक्टिक आम्लामुळे नीट वाळत नाही, चिकट गोळा होतो. प्रथिनंही तिच्यात जेमतेम असतात. ओढ्यात सोडावी तर तिच्यातली साखर खाणारे सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. म्हणून ती शेतात खत म्हणून जाते, जनावरांच्या खाद्यात जाते, बायोगॅसच्या टाक्यांत जाते. या निवळीचा आणखी चांगला उपयोग शोधणं हे आजही दुग्धशास्त्रापुढचं खरंखुरं काम आहे आणि मला ते नव्या चवींचे डबे काढण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

मोठे कारखाने अर्थातच फडकं बांधत नाहीत. ते दही भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या यंत्रात घालून निवळी वेगळी करतात किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबून गाळतात. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. तिसरी रीत म्हणजे निथळायचंच नाही. दुधात आधीच दुधाची पावडर किंवा प्रथिनांचा अर्क घालायचा. हेही घट्ट होतं, प्रथिनंही भरतात, पण प्रमाण जास्त झालं तर जिभेवर खडूसारखं पिठूळ लागतं. चौथ्या रीतीत स्टार्च, जिलेटीन किंवा पेक्टिन घालून पाणी आतच बांधून ठेवतात. याला ग्रीक म्हणणं मला पटत नाही.

नावावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. 1926 मध्ये अथेन्समधल्या एका दुकानातून सुरू झालेल्या ‘फाये’ या कंपनीने ब्रिटनमध्ये चोबानीला न्यायालयात खेचलं. अमेरिकेत बनलेलं योगर्ट ‘ग्रीक’ म्हणून विकणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असा निकाल 2013 मध्ये लागला आणि 2014 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. तेव्हापासून ब्रिटनमध्ये ग्रीसबाहेर बनलेल्या डब्यावर ‘ग्रीक स्टाइल’ असंच लिहावं लागतं.

दुकानात मात्र नावापेक्षा डब्याची मागची बाजू वाचावी. घटकांच्या यादीत दूध आणि जिवाणूंचं विरजण एवढंच असेल तर उत्तम. मग 100 ग्रॅममागे प्रथिनं पाहा. 8 ते 10 ग्रॅम असतील तर पाणी खरोखर गेलेलं आहे. 4 असतील आणि यादीत स्टार्च असेल तर ते जाड केलेलं साधं दही. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे कोडेक्समध्ये, घट्ट केलेल्या आंबवलेल्या दुधाला किमान 5.6 टक्के प्रथिनांची अट आहे आणि तिथे स्ट्रांगिस्तो आणि लबनेची नावं उदाहरणादाखल दिलेली आहेत. आपल्या चक्क्याचं भारतीय मानक याहून कडक आहे: घन पदार्थ किमान 30 टक्के आणि त्या घन पदार्थांत प्रथिनं किमान 30 टक्के. गुणाकार केला तर 9 टक्के प्रथिनं. डेअरीतला ताजा, बिनसाखरेचा चक्का चांगला असेल तर आयात डब्याच्या तोडीचा असतो. फळांच्या चवीच्या डब्यांत वरून घातलेली साखर किती ते वेगळं पाहावं. साध्या डब्यात दिसणारी तीन-चार ग्रॅम साखर दुधाचीच असते.

घरी करायचं तर दूध उकळून काही मिनिटं मंद आचेवर ठेवा, बोटाला सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण घाला. योगर्टचीच चव हवी असेल तर विरजणाला साध्या योगर्टचा चमचा वापरा. दही लागल्यावर लगेच बांधू नका. आधी फ्रीजमध्ये पुरतं गार करा आणि मग चाळणीवर फडकं घालून फ्रीजमध्येच निथळत ठेवा. उन्हाळ्यात बाहेर टांगलेलं गाठोडं रात्रभर आंबतच राहतं, कारण जिवाणूंचं काम थांबलेलं नसतं. तीन-चार तासांत ग्रीक योगर्टसारखं मऊ मिळेल, रात्रभर ठेवलं तर श्रीखंडाचा चक्का.

म्हशीचं दूध असेल तर निथळायलाही कमी लागतं. ग्रीसच्या गावांत मेंढीच्या दुधाचं योगर्ट मातीच्या भांड्यात लावतात. त्यावर सायीचा पापुद्रा येतो आणि ते मुळीच निथळत नाहीत. मेंढीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दीड-दोनपट असतात, शिवाय मातीचं भांडं थोडं पाणी शोषून घेतं. आपलं गाडग्यात लावलेलं म्हशीचं दही सुरी फिरवून कापता येतं ते याच कारणांनी.

खाताना ग्रीक लोक त्याच्यावर मध आणि अक्रोड घालतात. स्निग्धांशामुळे आंबटपणा मवाळ लागतो आणि मधाचा सुगंध तोंडात रेंगाळतो. त्यांची दुसरी आवडती गोष्ट त्झात्झिकी: किसलेली काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर आणि घट्ट योगर्ट. काकडीला मीठ लावून ती पिळून घेतात. आपण कोशिंबिरीत करतो तेच, आणि कारणही तेच: मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं, ते आधी काढलं नाही तर इतक्या कष्टाने घालवलेलं पाणी पुन्हा वाडग्यात जमा होतं. गरम रश्शात घालायचं असेल तर पातेलं उतरवून मग घाला. आचेवर केसीनची जाळी आकसते आणि दाणे दिसतात. कढीत आपण बेसन लावतो ते हे टाळण्यासाठीच.

घरची निवळी थालीपीठाच्या किंवा पोळीच्या कणकेत घाला. आणि विकतच्या डब्यात चमच्याने केलेल्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी जे पिवळसर पाणी साठलेलं दिसतं ते खराब झाल्याचं लक्षण नाही. जाळीला कुठे छेद गेला की तिथून निवळी पाझरते, एवढंच. ते ओतून देऊ नका, चमच्याने परत ढवळून घ्या. उरल्यासुरल्या कॅल्शियममधलं थोडं त्यातही आहे.