पेट्रोल गोठत नाही, कार्बोरेटर गोठतो

मोनॅकोकडे जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या हिवाळी रॅलीचे व्हिडिओ पाहिले की जुनी फियाट सांभाळणारे सोलापूरकर हमखास विचारतात, "एवढ्या बर्फात पेट्रोल गोठत नाही का हो?" नाही गोठत. त्यासाठी पारा उणे ४० च्याही बराच खाली जावा लागतो. आल्प्सच्या घाटात रात्री उणे १५ झालं, तरी पेट्रोल पातळच राहतं. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो हे मात्र खरं. तो हवेतल्या बाष्पाचा असतो, आणि सगळ्यात जास्त धरतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर ५-१० अंशांच्या दाट धुक्यात.

माँटे कार्लो रॅली सुरू झाली १९११ साली. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघायचं आणि थंडीतून मोनॅको गाठायचं, अशी तिची रीत. आज जुन्या गाड्यांसाठी होणाऱ्या रॅलीत शर्यत नसते. ठरवून दिलेला सरासरी वेग काटेकोर पाळायचा, आणि तोही ताशी ५० किलोमीटरच्या आतला. म्हणजे तासन्‌तास ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला. बर्फाला हेच हवं असतं.

मे महिन्यात माठातलं पाणी गार का होतं, हे शाळेत शिकलोय: बाष्प होताना पाणी उष्णता ओढून घेतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तेच करतं. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० ज्यूल लागतात. त्या एका ग्रॅमसोबत इंजिन साधारण १५ ग्रॅम हवा घेतं. एक ग्रॅम हवा एका अंशाने गार झाली की एक ज्यूल सोडते. पेट्रोलची स्वतःची उष्णता धरली, तरी सगळं पेट्रोल तिथंच उडालं तर मिश्रण सुमारे २० अंशांनी गार होतं. प्रत्यक्षात सगळं उडत नाही, पण अर्धवट बंद थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पाकळीपाशी दाब कमी होतो, त्याने उडणं वाढतं आणि हवा आणखी थोडी गार होते. बाहेर ८ अंश असतील तर आत सहज शून्याखाली.

आता पाण्याचा हिशेब. पूर्ण दमट हवेत १० अंशांना घनमीटरमागे सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असतं, तर उणे १५ ला जेमतेम दीड ग्रॅम. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन मध्यम वेगाला मिनिटाला घनमीटरभर हवा ओढतं असं धरा. धुक्यात दर मिनिटाला आठ-नऊ ग्रॅम पाणी त्या अरुंद गळ्यातून जातं. त्यातलं थोडंसं थ्रॉटलच्या कडेला धरलं, तरी हवेची वाट बुजते. उणे १५ च्या कोरड्या थंडीत गोठायला पाणीच नसतं.

मग इंजिन अडखळतं, दम सोडतं, बंद पडतं. बॉनेट उघडून पाच-दहा मिनिटं उभं राहावं तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या, उष्णतेने बर्फ वितळून जातो आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. पुरावा शिल्लक राहत नाही. "त्या वळणावर गाडी आपोआप बंद पडते, जागा चांगली नाही" अशा गोष्टी मला पटत नाहीत, त्या यामुळेच. पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून ॲव्हरेज वाढवण्याचा धंदाही त्याच जातीचा. चुंबकाने पेट्रोलच्या रेणूंचं काही बिघडत नाही, सुधारतही नाही.

सोलापूरची गंमत अशी की पेट्रोलच्या याच उडून जाण्याच्या गुणाचा त्रास इथं उलट्या बाजूने होतो. ४३ अंशांत पेट्रोल कार्बोरेटरला पोचण्याआधी नळीतच उकळतं, आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकावं लागतं. म्हणून इथं जुळवलेली गाडी तशीच आल्प्सला नेता येत नाही. पंपाजवळ उष्णता अडवणारा पत्रा ठेवावा, पण कार्बोरेटरला उष्णता मिळायला हवी. त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेलं, आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला परिचित असलेलं इथेनॉल आलं. ते वाफ होताना पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता खातं आणि जुन्या रबरी नळ्याही खराब करतं. नळ्या सगळ्या बदलाव्यात.

ऑइल बदलायचं, ते पातळ घ्यायचं. इथं सर्रास चालणारं २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल सोडावं, कारण २०डब्ल्यूची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ ला होते, थंडीत पातळ राहणाऱ्या ५डब्ल्यूची उणे ३० ला. बॅटरी नवी घ्यावी.

बर्फावरचा खरा इलाज स्वस्त आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पत्र्याचं आवरण बसवून तिथली तापलेली हवा नळीने एअर फिल्टरच्या तोंडाशी आणायची. त्या काळच्या अनेक युरोपीय गाड्यांच्या फिल्टरला उन्हाळा-हिवाळा अशा दोन जागा याचसाठी असत. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे अक्कलकोट रोडवर गाडी काढून कार्बोरेटरच्या तोंडाशी तापमापी लावावी. बाहेर १५ असताना आत ४० च्या जवळपास यायला हवेत. फक्त ही हवा विरळ असते. ३० अंशांनी तापलेली हवा जवळजवळ १० टक्के विरळ, म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटरला ताकदही तेवढीच कमी. म्हणून नळीत झडप आणि तिची केबल डॅशबोर्डपर्यंत घ्यावी: धुक्यातल्या सपाट रस्त्यावर आणि उतारावर गरम हवा, आल्प्समधल्या १६०७ मीटर उंचीच्या कोल द तुरिनी घाटासारख्या चढावर थंड.