नागपूरच्या उन्हाळ्यात लॅपटॉप हलका घ्यावा की दमदार

लॅपटॉप घ्यायला बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, निघालात तर रॅम किती आणि प्रोसेसर कोणता हे प्रश्न नंतर विचारा, आधी मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुम्ही ज्या खोलीत बसून काम करणार ती खोली किती तापते ते आठवा. हलका घेऊ की पॉवरफुल, याचं निम्मं उत्तर त्या खोलीत आहे. रिव्ह्यू बहुतेक वेळा एसीत बसून केलेले असतात, दुकानातला डेमोही एसीतच, आणि आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की बाहेर ४५ आणि घरात पंख्याखाली ४० असते, तेव्हा तेच मशीन वेगळंच वागायला लागतं.

गणित सोपं आहे. लॅपटॉप जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होते, दुसरीकडे कुठे जात नाही. हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण १५ ते ३० वॅटवर चालतो, दमदार मशीनचा ४५ आणि त्याच्याही वर, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं तर ते एकटंच ८० ते १५० वॅट ओढू शकतं. ही उष्णता बाहेर टाकायची तर आतलं मशीन आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक पाहिजे, फरक जितका जास्त तितकी उष्णता भराभर बाहेर. चिप, म्हणजे प्रोसेसर, साधारण १०० अंशांपर्यंत तापू देतात, त्याच्या पुढे ती स्वतःच स्पीड कमी करते. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७५ चा, खोली ४० वर गेली की ६० चा. म्हणजे तोच पंखा, तेच तांब्याचे पाईप, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद २० टक्के कमी.

आता यात एक दिलासा आहे. चिपला लागणारी वीज तिच्या स्पीडवर तर अवलंबून असतेच, पण व्होल्टेजच्या वर्गावरही (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) असते, आणि स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे ढोबळमानाने स्पीड २० टक्के वाढवायचा तर वीज ७० टक्क्यांहून जास्त वाढते. १९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर (चिपमधले बारीक स्विच) लहान करत गेलं की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, आणि तीसेक वर्षं ते जमलंही, पण साधारण २००५ च्या सुमारास व्होल्टेज उतरवणं अडलं आणि तेव्हापासून कॉम्प्युटरची खरी भांडणं उष्णतेशी आहेत. स्पीड आणि विजेचं ते गणित उलटं वाचलं तर वीज २० टक्के कापली तरी स्पीड फक्त सातेक टक्केच पडतो. म्हणून मोठा पंखा आणि जाड बॉडी असलेला लॅपटॉप नागपुरातही बऱ्यापैकी तग धरतो, फक्त पंखा जोरात ओरडतो.

खरी अडचण अगदी पातळ लॅपटॉपची, आणि बिनपंख्याच्या मॉडेल्सची तर जास्तच (मॅकबुक एअरमध्ये २०२० पासून पंखा नाही, मशीन चांगलंच आहे, पण हे माहीत असलेलं बरं). तिथे उष्णता बाहेर जायचा रस्ता म्हणजे लॅपटॉपची बॉडीच. आणि बॉडी हाताला, मांडीला सहन होईल इतकीच तापू द्यावी लागते, धरा ४५ ते ४८ अंश. खोली २५ वर असेल तर फरक वीसच्या वर मिळतो, खोली ४० वर असेल तर सहा-सात अंश. उष्णता बाहेर टाकायची क्षमता एक तृतीयांशच राहिली. त्याच हिशेबाने स्पीड तीसेक टक्के पडू शकतो, आणि हे मॉडेल कितीही महाग घेतलं तरी चुकत नाही.

मग दुकानात हे का दिसत नाही? कारण धातू आधी उष्णता पिऊन घेतो. समजा बॉडीत अर्धा किलो ॲल्युमिनियम आहे, ते २० अंशांनी तापवायला साधारण ९००० ज्यूल लागतात. चिप ३० वॅटने चालली, म्हणजे सेकंदाला ३० ज्यूल, तर ३०० सेकंद झाले, पाच मिनिटं. आणि एसीत त्यातली थोडी उष्णता बाहेरही जात राहते म्हणून अजून जास्तच वेळ लागतो. दुकानदार तुम्हाला दोन मिनिटं फाईल उघडून, व्हिडिओ लावून दाखवतो, सगळं झक्कास, कारण मशीन अजून तापलेलंच नाही.

पण हीच गोष्ट पातळ लॅपटॉपच्या बाजूनेही आहे हे लोकं विसरतात. तुमचं काम तुकड्यातुकड्याचं असेल, ब्राउजर उघडला, एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकला, मेल लिहिली, मीटिंग केली, तर चिप क्षणभर पळते आणि मग निवांत बसते, तेवढी उष्णता धातू झेलून घेतो. अशा माणसाने अडीच किलोचं मशीन आणि वरून विटेसारखा चार्जर रोज पाठीवर घेऊन गाडीवर मिहानला, आयटी कंपन्यांच्या भागात, जायचं काही कारण नाही, पाठीचं वाटोळं.

माझ्या बहिणीच्या घरी यंदा दोघांना एकदमच घ्यायचा होता. भाचा सीए करून राहिला, भाची आर्किटेक्चरला. भाची म्हणे, "मामा, मला पण दादासारखाच पातळ पाहिजे ना, कॉलेजला न्यायला." तिला म्हटलं, बाळा, तुझं रेंडर (डिझाइनवरून खरं वाटेल असं चित्र बनवणं) रात्रभर चालणार, ते काम पाच मिनिटांचं नाही, तासांचं आहे, आणि तुमच्या वरच्या मजल्याच्या खोलीत टिनाचं छत आहे. दादाने हलका घेतला, तिने जाड घेतला आणि मला अजूनही तेच बरोबर वाटतं. दोघांच्या लॅपटॉपवर प्रोसेसरचं नाव जवळपास सारखं दिसतं, पण हिच्यात त्याला किती वॅट दिलेत आणि त्याच्यात किती, ते डब्यावर मोठ्या अक्षरात कुठेच नसतं. हे कंपन्यांनी ठळक लिहायला पाहिजे, खरंच. तोवर घेताना प्रोसेसर किती वॅटवर चालतो, ग्राफिक्स किती वॅटचं आहे, हे विचारा, दुकानदाराला सांगता आलं नाही तर मॉडेल नंबर घेऊन घरी शोधा.

कूलरबद्दल सगळे विचारतात. आपला मे कोरडा असतो, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडतं तेव्हा ते हवेतली उष्णता घेऊन जातं आणि ४४ ची हवा तिशीच्या जवळ येऊ शकते, म्हणजे लॅपटॉपसाठी कूलर हा खरोखर फायद्याचा सौदा आहे. लॅपटॉप हवेपेक्षा गरम असतो म्हणून त्याच्यावर दव धरत नाही, दमटपणाची भीती नको. भीती आहे ती थेंबांची, म्हणून कूलरच्या तोंडासमोर टेबल नको, जरा बाजूला. आणि धूळ. उन्हाळाभर वापरलेला लॅपटॉप मागचं झाकण काढून बघा, पंखा आणि बारीक पात्यांच्या जाळीच्या मध्ये करड्या धुळीची अख्खी पट्टी बसलेली असते, चिमटीने सोलून निघते. पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र पुढे जात नाही. वर्षातून एकदा, नवतपा लागायच्या आधी, साफ करून घ्या.

लाईट गेली की दमदार मशीनची गंमत संपते. बॅटरी विमानात नेता यावी म्हणून १०० वॅट-तासांच्या आतच ठेवतात, आणि १०० वॅट ओढणारं काम केलं तर ती तासभरही पुरत नाही, शिवाय बॅटरीवर बहुतेक गेमिंग लॅपटॉप स्वतःच पॉवर बरीच उतरवतात. हलका लॅपटॉप तिथे आरामात पाच-सात तास काढतो. बॅटरी कोणतीही असो, गरम जागेत शंभर टक्के भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असली तर लावून टाका, आणि उन्हात उभ्या कारमध्ये लॅपटॉप सोडून जाऊ नका.

आणि घरी आणला की रिटर्नची मुदत संपायच्या आत एक टेस्ट करा. दुपारी, एसी बंद, तुमचं खरं जड काम लावा, अर्धा तास. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, स्पीड पहिल्या मिनिटाला बघून लिहून ठेवा, मग पंचविसाव्या मिनिटाला बघा. दहा-पंधरा टक्के पडला तर काही हरकत नाही. निम्म्यावर आला तर बिल घेऊन परत दुकानात जा.