सेंट किल्डा: बोटीने काय काय आणलं

स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांपासूनही आणखी 64 किलोमीटर पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा हा बेटसमूह आहे. समुद्र शांत असला तरच बोट लागते. आज लोक तिथे जातात ते पक्षी बघायला: गॅनेटच्या सुमारे 60,000 जोड्या, शिवाय फुल्मर आणि पफिन. दीडशे वर्षांपूर्वी मात्र लोक माणसं बघायला जात.

त्यातल्या हिर्टा या मुख्य बेटावरचं गाव पक्ष्यांवरच जगत होतं. पुरुष दोर लावून कड्यावरून उतरत, अंडी आणि पिल्लं आणत. फुल्मरच्या तेलावर दिवे जळत आणि जमीनदाराचा खंड पिसांच्या रूपात फिटे. उन्हाळ्यात आगबोटी येऊ लागल्यावर या 'आदिम' लोकांचं प्रदर्शनच झालं. त्यांनीही मग पाहुण्यांना अंडी नि हातमागाचं कापड विकलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

बोटीची धास्ती त्याआधीपासूनची. परकी बोट येऊन गेली की गावभर खोकला पसरे. 1697 साली मार्टिन मार्टिन हा प्रवासी तिथे गेला, त्यानेही या खोकल्याची नोंद केली आहे. 1727 मध्ये तर देवीची साथ आली. हॅरिस बेटावर देवीने मेलेल्या गावकऱ्याचे कपडे घरी आणले, त्यांतून ती आली असं सांगतात. त्याच वेळी तीन पुरुष आणि आठ मुलं स्टॅक अॅन आर्मिन या सुळक्यावर पक्षी धरायला गेली होती. त्यांना आणायला बोट वल्हवणारं कोणी उरलंच नाही. पुढच्या मे महिन्यापर्यंत ती अकरा जणं त्या खडकावर, पक्षी आणि मासे खाऊन जगली. गाव जवळजवळ मेलं, अडकलेले वाचले.

नव्या कुटुंबांनी गाव पुन्हा वसवलं, पण टिकलं नाही. 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेल्या 36 जणांनी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडलं. 1957 पासून ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, 1986 पासून जागतिक वारसा यादीत.

आता धास्ती आहे ती उंदरांची. बोटीतून एखादी गाभण उंदरीण उतरली, तर बिळात घरटं करणाऱ्या पफिनचं काही खरं नाही, म्हणून पाहुण्यांनी बोट आणि सामान तपासूनच यावं असा दंडक आहे. 2021 च्या उन्हाळ्यात इथे मोठे स्कुआ पक्षी बर्ड फ्लूने मेले. ती साथ मात्र बोटीने आली नव्हती, ती पक्ष्यांमधूनच पसरत आली.