वाचलेली माहिती जाते कुठे?

१५८२ साली रोममध्ये गुरुवारी ४ ऑक्टोबर होता. दुसऱ्या दिवशी कोणती तारीख उजाडली? उत्तर पुढे येईलच, पण त्याआधी मनाशी एक अंदाज बांधा. चुकला तरी चालेल.

रोज एखादा नवा शब्द, इतिहासातली एक नोंद, सामान्यज्ञानाचा एक प्रश्न असं काहीबाही आपण हौसेने वाचतो आणि आठवड्याभरात त्यातलं बरंचसं विसरून जातो. या विसरण्याचं मोजमाप पहिल्यांदा नीट केलं ते जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ते स्वतः पाठ करत, काही काळ जाऊ देत आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला हे मोजत. त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध झाले. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना सुमारे ५८ टक्के वेळ वाचत होता, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते. त्यानंतर जे उरतं ते हळूहळू झिजतं. २०१५ साली हाच प्रयोग नव्याने केला गेला, तेव्हाही आलेख जवळपास तसाच आला.

एबिंगहाउस यांनी मुद्दाम निरर्थक अक्षरं घेतली होती, कारण अर्थ असलेली गोष्ट आधीच्या ज्ञानाला चिकटते आणि हिशोब बिघडवते. आपल्याला मात्र हे चिकटणंच हवं आहे.

आता उत्तर. दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर होता. वार शुक्रवारच, तारखा मात्र दहा गाळलेल्या. एवढंच वाचलं तर ही एक गंमत आहे आणि गमती लवकर विसरल्या जातात. पण तारखा का गाळल्या, हे विचारलं की चित्र बदलतं. जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचं धरलेलं होतं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही ११ मिनिटं साचत गेली की सुमारे १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. चौथ्या शतकात २१ मार्चच्या आसपास येणारा वसंतसंपात (वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) सोळाव्या शतकात ११ मार्चपर्यंत मागे आला होता आणि ईस्टरची तारीख त्यावरच ठरत असल्याने चर्चला हे परवडणारं नव्हतं. तेराव्या पोप ग्रेगरींनी दहा दिवस वगळले आणि पुढची घसरण थांबावी म्हणून नियम केला: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष.

एका ‘का’मुळे बाकीची किती कुलुपं उघडतात पाहा. २००० हे लीप वर्ष होतं आणि १९०० नव्हतं, ते याच नियमामुळे. रशियाने हे कॅलेंडर १९१८ मध्ये स्वीकारलं, म्हणून १९१७ ची ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या तारखेप्रमाणे ७ नोव्हेंबरला येते. ब्रिटनने १७५२ मध्ये बदल केला तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. तिथे दहाऐवजी अकरा तारखा का गाळाव्या लागल्या? १७०० हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप होतं, नव्या पद्धतीत नव्हतं. आता या चार नोंदी वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. एक आठवली की दुसरी मागोमाग येते.

सुरुवातीला अंदाज बांधायला सांगितलं ते उत्सुकता चाळवण्यासाठी, आणि त्यालाही आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ साली लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि बरोबर उत्तर दाखवण्याआधी काही सेकंद थांबवलं. ज्या प्रश्नांबद्दल उत्सुकता जास्त होती, त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिली. विशेष म्हणजे त्या प्रतीक्षेत दाखवलेले अनोळखी चेहरेही थोडे अधिक आठवले. उत्सुकता वाढताना मेंदूतली डोपामिन या रसायनाशी निगडित यंत्रणा आणि स्मृतीचं केंद्र असलेलं हिप्पोकॅम्पस जास्त सक्रिय झालेलं दिसलं.

पुन्हा पुन्हा वाचण्यावर आपला भरवसा फार, आणि तो मला चुकीच्या जागी वाटतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चारदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. ही उजळणी काही दिवसांच्या अंतराने केली तर आणखी उत्तम.

पण ज्या वाटेने खरी माहिती मनात रुजते, त्याच वाटेने खोटीही शिरते. नुसतं कानावर पुन्हा पुन्हा पडलं की विधान खरं वाटू लागतं, हे १९७७ साली प्रयोगातून दिसलं. माहीतगार माणूस तरी यातून सुटत असेल, असं वाटेल. २०१५ च्या एका अभ्यासातलं विधान असं होतं: स्कॉटलंडचे लोक नेसतात त्या आखूड, चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात. अशी विधानं दुसऱ्यांदा समोर आली, तेव्हा खरं उत्तर ठाऊक असलेल्यांनाही ती पहिल्यापेक्षा अधिक खरी वाटली.

दिलासा देणारी एक गोष्टही सापडली आहे. ज्या चुकीच्या उत्तराची आपल्याला पक्की खात्री असते, ते चूक असल्याचं कळलं की बरोबर उत्तर अधिक चांगलं लक्षात राहतं. बहुधा धक्क्यामुळे लक्ष एकवटतं. मात्र आठवड्याभरात बरोबर उत्तर विसरलं, तर तीच जुनी, खात्रीची चूक परत येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून दुरुस्ती झाल्यावर दोन-तीन दिवसांनी ती एकदा न बघता आठवून पाहावी.