खडीमुळे पाणी झटपट निचरते का?

गोल्फच्या ग्रीनखाली, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखाली, वाळूच्या थराच्या तळाशी खडी अंथरली की पावसाचे पाणी वाळूतून झरझर खाली उतरते, हा जुना समज चुकीचा आहे. वाळूतील बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात आणि खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ती ओढ जवळजवळ नसते, त्यामुळे वाळूचा तळ पुरता भिजेपर्यंत पाणी दोन थरांच्या सीमेवरच अडते. ग्रीनमधून नमुना काढला तर वरची वाळू मोकळी आणि तळची हाताला ओली लागते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० पासून सुचवलेल्या रचनेत, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर वाळूखाली १० सेंटिमीटर खडीत, हे अडणे हेतुपुरस्सर साधलेले आहे. जादा पाणी मात्र खडीतून छिद्रे असलेल्या नळ्यांकडे जाते. चिकणमातीच्या फेअरवेखाली (ग्रीनपर्यंत नेणाऱ्या गवताळ पट्ट्याखाली) नळ्यांवाचून खडी पुरणे म्हणूनच व्यर्थ ठरते. तिथे आधी उतार नीट करावा.