मिडल स्कूलची पुनर्रचना

अमेरिकेत साधारणपणे सहावी ते आठवीच्या स्वतंत्र शाळेला मिडल स्कूल म्हणतात. या शाळेचा दिनक्रम, शिक्षकांची विभागणी आणि अभ्यासक्रम १० ते १५ वयाच्या मुलामुलींच्या वाढीशी जुळवून घेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांना पुनर्रचना असे म्हटले जाते. प्राथमिक शाळेत बहुतेक वेळ एकच शिक्षक वर्गाबरोबर असतो, तर हायस्कूलमध्ये विद्यार्थी तासागणिक खोली आणि शिक्षक बदलतो. या दोहोंच्या मधल्या शाळेने कोणाकडे झुकावे, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. एखादी शाळा प्रत्यक्षात कुठे झुकली आहे, हे तिच्या उद्दिष्टांच्या फलकापेक्षा मुख्य वेळापत्रकावरून लवकर कळते.

या शाळेची पूर्वज म्हणजे ज्युनिअर हायस्कूल. १९०९ साली ओहायोतील कोलंबस येथे इंडियनोला ज्युनिअर हायस्कूल सुरू झाले आणि लगोलग कॅलिफोर्नियातील बर्कली येथेही तसाच प्रयोग झाला. सातवी ते नववी ही तिची नेहमीची मांडणी. अडचण नववीची होती. कॉलेजप्रवेशासाठी नववीचे विषय आणि तास हायस्कूलच्या हिशेबात धरले जात, म्हणून ते हायस्कूलच्या मापानेच आखावे लागत. आणि नववीचे वेळापत्रक तसे झाले की सातवी-आठवीचेही होई. नावातला ‘ज्युनिअर’ मग फक्त वयापुरता उरे. १९६३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील व्याख्यानात शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी या रचनेला पर्याय म्हणून मधल्या शाळेची कल्पना मांडली.

पुढच्या दोन दशकांत हजारो शाळांनी पाट्या बदलल्या, पण त्यामागे प्रत्येक वेळी बालविकासाचा विचार होता असे नाही. प्राथमिक शाळांत गर्दी झाली होती आणि वंशभेदावर आधारलेल्या शाळा मोडण्याच्या योजनांत इयत्तांची नव्याने जुळवाजुळव करणे सोयीचे होते. सहावी प्राथमिक शाळेतून आली, नववी हायस्कूलला गेली. तासांची घंटा मात्र पूर्वीसारखीच वाजत राहिली.

या बदलाला सैद्धांतिक बैठक पुढे मिळाली. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लस आणि कॅरल मिजली यांनी १९८९ च्या सुमारास दाखवून दिले की मुलांना स्वतः निर्णय घ्यावेसे वाटू लागतात, पालकांखेरीज एखाद्या विश्वासू प्रौढाची गरज भासते, चारचौघांत आपली तुलना झालेली सोसवत नाही, नेमक्या त्याच वयात शाळा जास्त कडक, जास्त परकी आणि गुणांच्या तुलनेवर भर देणारी होते. या वयातल्या निरुत्साहाचे खापर सरसकट संप्रेरकांवर फोडण्याची सवय त्यामुळे थोडी सैल झाली. त्याच वर्षी कार्नेगी मंडळ या देणगीदार संस्थेच्या किशोरविकास परिषदेने ‘टर्निंग पॉइंट्स’ हा अहवाल प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेचे लहान समूह करावेत आणि प्रत्येक मुलाला नीट ओळखणारी निदान एक तरी मोठी व्यक्ती शाळेत असावी, या त्याच्या प्रमुख शिफारशी होत्या.

प्रत्यक्षात हे असे केले जाते. भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या चार शिक्षकांची एक टीम करून तिच्याकडे शंभर-सव्वाशे मुले सोपवतात. टीमच्या खोल्या शक्यतो शेजारी-शेजारी असतात. ४५ मिनिटांच्या चार सुट्या तासिकांऐवजी टीमला सलग तीन तास दिले जातात. आज प्रयोगाला दीड तास हवा असेल, तर चौघे आपापसांत ठरवून तो काढू शकतात. कार्यालयाची परवानगी लागत नाही. मुले शारीरिक शिक्षण, संगीत, चित्रकला किंवा तंत्रकामाच्या तासांना गेली की हे चारही शिक्षक एकाच वेळी मोकळे होतात. हा सामायिक नियोजनाचा वेळ सगळ्या रचनेचा कणा आहे. एखादा मुलगा चारही विषयांत एकाच आठवड्यात मागे पडला, हे चौघे एकत्र बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. किंमत मात्र संगीत आणि चित्रकलेचे शिक्षक मोजतात. इतरांना मोकळीक मिळावी म्हणून त्यांचे तास रचले जातात आणि ते स्वतः कोणत्याच टीमच्या बैठकीला नसतात. या दोषाची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

टीमच्या जोडीला ॲडव्हायझरी असते, म्हणजे दहा-पंधरा मुलांचा गट रोज ठरावीक वेळ एकाच मार्गदर्शकाबरोबर. शिक्षकांना त्यासाठी तयार केले नाही, तर हा वेळ हजेरी आणि सूचनावाचनात जातो.

शाळा भरण्याची वेळ हा प्रश्न निराळा आहे. वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवण रात्री उशिरा सुरू होते, त्यामुळे लवकर निजवूनही झोप येत नाही. मिडल आणि हायस्कूल सकाळी ८.३० च्या आत भरू नयेत, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सांगितले. कॅलिफोर्नियाच्या २०१९ च्या कायद्याने २०२२ पासून मिडल स्कूलसाठी ८.०० आणि हायस्कूलसाठी ८.३० ही सर्वांत लवकरची वेळ ठरवली. काही ग्रामीण शाळांना त्यातून सूट आहे. इतरत्र घोडे बसपाशी अडते. त्याच बसगाड्या दोन-तीन फेऱ्यांत वेगवेगळ्या शाळांची मुले पोचवतात आणि एक वेळ हलवली की बाकीच्याही हलतात.

२००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. कमी गुणांच्या मुलांना या विषयांच्या दुप्पट तासिका मिळू लागल्या, आणि त्या बहुधा कला-संगीतातून कापल्या गेल्या. पैशाची चणचण आली की सामायिक नियोजनाचा वेळही जातो, कारण कागदावर तो शिक्षकांचा रिकामा तास दिसतो.

दुसरीकडे मधली शाळाच नको, असे म्हणणारा पक्ष बळावला. न्यूयॉर्क शहर आणि फ्लोरिडातील अभ्यासांत आढळले की सहावी किंवा सातवीत शाळा बदलणाऱ्या मुलांचे चाचणीगुण घसरतात. आठवीपर्यंत एकाच शाळेत राहणाऱ्यांच्या तुलनेत ही पिछाडी भरून निघत नाही. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर यांसारख्या शहरांनी अनेक मिडल स्कूल मोडून बालवाडी ते आठवीच्या शाळा केल्या. तिथे ओळखीची माणसे टिकतात, पण आठवीत जेमतेम चाळीस-पन्नास मुले असली की बीजगणिताचा वेगळा वर्ग, परकीय भाषा किंवा बँड यांसाठी पुरेशी मुले जमत नाहीत.