अँटीव्हायरसची मुदत संपली? पैसे भरण्याआधी एवढं वाचा
सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी

कॉम्प्युटर सुरू केला की उजव्या कोपऱ्यात लाल खिडकी उगवते: तुमचं संरक्षण संपलं, आजच रिन्यू करा. कार्ड काढण्याआधी ही खिडकी नक्की कोणाची आहे ते बघा. खिडकीवर बारीक अक्षरात क्रोम किंवा एजचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसला, तर तो अँटीव्हायरस नाहीच. कधीतरी एखाद्या साइटवर नोटिफिकेशनला ‘अलाऊ’ दाबलं गेलंय, त्याची ही फळं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत.

पूर्ण स्क्रीन अडवून, भोंगा वाजवून फोन नंबर दाखवणारं पान म्हणजे सरळ फसवणूक. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘जुनी पानं परत आणू का’ विचारलं तर नको म्हणा. ‘तुमचं अँटीव्हायरस आपोआप रिन्यू झालं, रद्द करायला या नंबरवर फोन करा’ असा मेल येतो, तोही यातलाच. फोन केलात की समोरचा स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप चढवायला लावतो. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, मग बँकेला.

आता खऱ्या रिन्यूअलबद्दल. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेलं लायसन्स दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने रिन्यू होतं, म्हणून बरेचदा दुकानातला अँटीव्हायरसचा नवा बॉक्स रिन्यूअलपेक्षा स्वस्त पडतो. आधी दोन्ही दर विचारा. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑटो-रिन्यूअल बहुधा चालूच असतं. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: सॉफ्टवेअर काढून टाकलं की वर्गणी थांबते. थांबत नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करावं लागतं, आणि बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन मॅन्डेटही (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) रद्द करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना यायला हवी. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही. तेव्हा तो एसएमएस वाचायचा, जाहिरात समजून पुसायचा नाही.

हे बॉक्स आम्हीही विकतो. तरी सांगतो, घरच्या आणि एक-दोन मशीनच्या दुकानाला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासूनच असतो, त्याला वर्गणी नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था अँटीव्हायरस तपासून १८ पैकी गुण देते. तिच्या चाचण्यांत डिफेंडर गेली अनेक वर्षं विकतच्या नावांच्या पंगतीला बसतो.

दुसरं अँटीव्हायरस चढवलं की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, आणि ते काढलं की परत कामाला लागतो. घोळ होतो तो मधल्या अवस्थेत. मुदत संपलेलं अँटीव्हायरस मशीनमध्ये तसंच पडून राहतं. त्याला नव्या व्हायरसची माहिती मिळत नाही, आणि काही वेळा डिफेंडरही पुढे आलेला नसतो. दार उघडं आणि राखणदार दोन, अशी गत. म्हणून रिन्यू करायचं नसेल तर जुनं मुळासकट काढा:

१. लायसन्स की कागदावर लिहून ठेवा. दिवस शिल्लक असतील तर दुसऱ्या मशीनला वापरता येईल.
२. सेटिंग्ज, अ‍ॅप्समधून अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करा. ‘सेटिंग्ज जपून ठेवू का’ याला नाही म्हणा. मशीन रीस्टार्ट करा.
३. अवशेष राहिले तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल तिच्या अधिकृत साइटवरून घ्या. गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीतून नको.
४. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन (सततचा पहारा) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (तो पहारा कोणी परस्पर बंद करू नये म्हणून) दोन्ही चालू हवेत. अपडेटची तारीख आजची किंवा कालची हवी.
५. स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा. मशीन बंद होऊन चालू होतं, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडलेल्या फाइली आधी सेव्ह करा.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. उघडलेली प्रत्येक फाइल दोघंही तपासायला धावतात, कधी एकमेकांच्याच फाइली पकडतात, आणि मशीन बसतं. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती याला अपवाद आहे. ती सतत पहारा देत नाही, आपण सांगू तेव्हा स्कॅन करते. चढवल्यावर सुरुवातीला १४ दिवस पैशाची आवृत्ती चाखायला मिळते, ती संपल्यावर विकत घ्या म्हणेल. घ्यायलाच हवी असं नाही.

डिफेंडरने मशीन स्लो झालं ही तक्रार जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर खरी आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर आलेलं आणि डिस्क १०० टक्के दिसते. यावर विकतचं अँटीव्हायरस हा उपाय नाही, तेही तीच डिस्क वाचणार. रिन्यूअलचे पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला, फरक पहिल्याच दिवशी कळतो.

मग पैसे कोणी भरावेत? दहा-बारा मशीन असलेला कारखाना, मिरजेतलं हॉस्पिटल, जिथे कोणाचं मशीन अपडेट नाही हे एका जागेवरून दिसायला हवं. तिथे घरगुती बॉक्स नको, बिझनेस आवृत्ती घ्या. मुलांच्या मोबाइल-कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायचं असेल तरही विकतचं सोयीचं पडतं. नावं निवडताना एवढं ध्यानात ठेवा की नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. एकावर चिडून दुसरं घेतलंत तरी घर तेच. फुकटच्या अँटीव्हायरसबद्दलही सावध राहा. ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अव्हास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. क्विक हील आपल्या पुण्याची कंपनी, त्यामुळे सेवा मराठीत मिळणं सोपं. तुम्हाला ते महत्त्वाचं असेल तर ते कारणही पुरेसं आहे.

कर सल्लागारांसाठी एक खास सूचना. जीएसटीच्या साइटवर डिजिटल सही उमटत नसेल, तर टोकन (सहीचा यूएसबी) बिघडलं असं लगेच ठरवू नका. काही अँटीव्हायरसचं वेब शील्ड, म्हणजे इंटरनेटची ये-जा तपासणारा भाग, मधे येऊन सहीच्या सॉफ्टवेअरची वाट अडवतं. ते पाच मिनिटं बंद करून बघा, आणि सही झाली की त्या सॉफ्टवेअरला कायमची परवानगी देऊन शील्ड लगेच परत चालू करा.

कोणतंच अँटीव्हायरस भरून काढू शकत नाही अशा दोन गोष्टी आहेत. एक, क्रॅक केलेलं विंडोज. जे सॉफ्टवेअर चढवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतं, त्याच्याकडून वेगळी काय अपेक्षा करणार? अशा मशीनवर डिफेंडरच्या एक्सक्लूजन यादीत (जे तो तपासत नाही त्यांची यादी) कुठले फोल्डर घुसवलेत ते बघा. अख्खा सी ड्राइव्ह तिथे सापडू शकतो. दुसरी, जुनं विंडोज. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा.

रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) टॅलीचा डेटा बांधून टाकला तर लायसन्सची पावती उपयोगाची नाही. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू करा. मग अनोळखी प्रोग्रामला ठराविक फोल्डरमधल्या फाइली बदलता येत नाहीत. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आपोआप त्यात येतात. टॅलीचा डेटा फोल्डर मात्र दुसरीकडे असेल तर हाताने जोडावा लागतो. जोडल्यावर एक व्हाउचर टाकून बघा. सेव्ह झालं नाही, तर टॅलीला ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप’ मधून परवानगी द्या. रोजचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मशीनबरोबरच बांधतं. आठवड्याची एक प्रत दुकानाबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काढाकाढी जमत नसेल तर मशीन दुकानात आणा. येताना लायसन्स की, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल बरोबर असू द्या. नव्या लॅपटॉपची डिस्क बरेचदा बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने आपोआप कुलूपबंद असते, सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी विंडोज मोजक्या गोष्टींवर चालवताना) जाताना लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती बहुधा त्या खात्यातच असते.